मतदार ‘करतील’, ‘करणार आहेत’ की ‘करू शकतात’? निवडणुकीच्या बातमीतला भविष्यकाळ

निपाणी भागातून बातम्या पाठवणाऱ्या एका तरुण वार्ताहराने विचारले आहे: “मतदार ‘मतदान करतील’, ‘मतदान करणार आहेत’ आणि नुसते ‘मतदान करणार’ यांत नेमका फरक काय? डेस्कवर कधी एक रूप बदलले जाते, कधी दुसरे. कन्नड प्रेसनोटवरून बातमी करताना तर जास्तच गोंधळ होतो. काही नियम आहे का?”

नियम आहे. क्रियापदाचे रूप ठरवण्याआधी विचारायचे की ही गोष्ट घडवणे कोणाच्या हातात आहे, आणि त्याने ती ठरवून जाहीर केली आहे का. तारीख निवडणूक आयोगाच्या हातात असते आणि त्याने ती जाहीर केलेली असते. आश्वासन उमेदवाराच्या तोंडचे असते. मत मात्र मतदाराच्या हातात असते आणि ते गुप्त असते. तिन्ही ठिकाणी आपण एकच ‘होणार’ वापरतो, तिथे बातमी बिघडते. बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातल्या मराठीभाषक सीमापट्ट्यात तर ती लवकर बिघडते, कारण इथे निवडणुकीच्या बातमीतला प्रत्येक शब्द मराठी-कन्नड, समिती-राष्ट्रीय पक्ष, या गटाचा-त्या गटाचा असा तोलून वाचला जातो. (समिती म्हणजे हा भाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणारी महाराष्ट्र एकीकरण समिती.) वाचक आपल्याला ओळखतो, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारतोही.

आधी सोपा भाग. आयोगाने जाहीर केलेल्या कार्यक्रमाला ‘णार आहे’ हे रूप बसते. कर्नाटकाच्या २०२३ च्या विधानसभा निवडणुकीची घोषणा २९ मार्चला झाली. त्या दिवसापासून “१० मे रोजी मतदान होणार आहे आणि १३ मे रोजी मतमोजणी होणार आहे” असे लिहिणे पूर्ण बरोबर होते. ‘णार आहे’ मध्ये शेवटचा ‘आहे’ वर्तमानाचा असतो. म्हणजे गोष्ट पुढची असली तरी ती ठरलेली आज आहे, आणि त्या ठरण्याचा कागद आपल्याकडे आहे. घोषणेच्या आधी, मार्चच्या मध्यावर कोणी “मेमध्ये मतदान होणार आहे” असे लिहिले असेल, तर तारीख खरी ठरली तरी त्या दिवशी ते वाक्य चूक होते. तेव्हा “मेमध्ये मतदान होण्याची शक्यता आहे” एवढेच लिहिता येत होते.

त्या कार्यक्रमातून आपोआप पुढे येणाऱ्या गोष्टींना साधा भविष्यकाळ पुरतो: “२० एप्रिलपर्यंत अर्ज भरता येतील, २१ ला छाननी होईल, २४ पर्यंत माघार घेता येईल.” इथे प्रत्येक वाक्यात ‘होणार आहे’ घातले तर बातमी जड होते. पहिल्या वाक्यात एकदा ‘णार आहे’ घ्यावे आणि खालचा तपशील ‘ईल’ने चालवावा. ‘घेण्यात येणार असल्याचे सांगण्यात आले आहे’ ही कचेरीतली रचना तर उचलूच नये. मतदान होणार आहे, बस्स. मथळ्यात क्रियापदही लागत नाही: “जिल्ह्यात १० मे रोजी मतदान”.

नियमाने आवश्यक असलेल्या गोष्टीला तिसरे रूप आहे: “ओळखपत्र दाखवावे लागेल”, “दहा हजार रुपये अनामत भरावी लागेल”. इथे ‘मतदार ओळखपत्र दाखवतील’ असे लिहिले की नियमाचे भाकीत होऊन बसते. दाखवतील की नाही ते मतदान केंद्रावर कळेल. दाखवावे लागेल हे आज खरे आहे.

‘आज’ आणि ‘उद्या’ यांबद्दल दोन शब्द. छापील अंकासाठी रात्री लिहिताना काळ वाचकाच्या सकाळचा धरायचा असतो. ९ मेच्या रात्री लिहिलेली बातमी १० मेला वाचली जाते, म्हणून “आज, बुधवारी मतदान होत आहे”. तीच बातमी मोबाइलवर रात्री अकरालाच गेली तर ‘आज’ खोटे ठरते. मोबाइलसाठी वार आणि तारीख लिहा, ‘आज-उद्या’ गाळा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या बातमीला तर तारीख हवीच. मागच्या निवडणुकीतली ‘उद्या मतदान’ची बातमी पुन्हा फिरते आणि लोक खरेच विचारत राहतात.

आता ज्यासाठी तुम्ही विचारले आहे तो भाग, म्हणजे मतदार. तालुक्याहून येणाऱ्या बातम्यांत नेहमी दिसते तसे एक वाक्य घेऊ: “मराठी मतदार यंदा परिवर्तन घडवणार असून समितीचा उमेदवार निवडून येणार आहे.” व्याकरण शुद्ध आहे. बातमी म्हणून मात्र त्यात तीन दोष आहेत. पहिला, ‘मराठी मतदार’ म्हणजे सगळे मराठी मतदार एका मनाचे आहेत असे गृहीत धरले आहे. दुसरा, ‘घडवणार’ हा कोणाचा निर्णय, ते सांगितलेले नाही. सांगणारे कार्यकर्ते असतील तर तसे लिहा, बातमीदाराचा स्वतःचा अंदाज असेल तर त्याला बातमीत जागा नाही. तिसरा, ‘निवडून येणार आहे’ या रूपाने निकाल आजच ठरल्यासारखा दिसतो. आयोगाच्या तारखेला लावायचा ‘आहे’ इथे लोकांच्या मनाला लावला गेला आहे.

हेच वाक्य मी असे करीन: “यंदा परिवर्तन होईल आणि आपला उमेदवार निवडून येईल, असा दावा समितीच्या कार्यकर्त्यांनी केला.” आणि बातमीदार खरोखर गावांत फिरून आलेला असेल तर त्याखाली: “येळ्ळूर आणि कडोलीत भेटलेल्या मतदारांपैकी बहुतेकांनी रस्ते आणि पाण्याचा प्रश्न पुढे केला, काहींनी अजून ठरवले नसल्याचे सांगितले.” दुसऱ्या वाक्यात भविष्यकाळ नाहीच. बातमीदाराने ऐकले ते भूतकाळात आले. निवडणुकीच्या चांगल्या वार्तांकनातला मोठा भाग असाच भूतकाळात आणि वर्तमानात असतो. भविष्यकाळ कमी लागतो, आणि लागतो तिथे तो कोणाचा तरी असतो.

नुसते ‘करणार’ हे रूप मथळ्यासाठी सोयीचे, म्हणून सगळ्यांत धोक्याचे. “खानापूरचे मतदार धडा शिकवणार” हा मथळा बातमी सांगत नाही, बाजू घेतो. ‘शिकवणारच’ मधला ‘च’ तर प्रचारसभेतला शब्द आहे. मथळ्यात जागा कमी असते हे मान्य, पण कमी जागेतही अवतरणचिन्ह बसते आणि बोलणाऱ्याचे नाव बसते. प्रश्नार्थक मथळ्याची पळवाटही फार वापरू नका. “मराठी मतदार कोणाला कौल देणार?” या मथळ्याखाली वाचकाला नवे काहीच मिळाले नाही, तर प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता.

नकाराकडे तर फारच थोडे लोक लक्ष देतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. होकारात मराठीत दोन रूपे आहेत: ‘येतील’ आणि ‘येणार आहेत’. एक सौम्य, दुसरे ठाम. नकारात मात्र सौम्य रूप जवळजवळ उरतच नाही. ‘येतील’चा नकारही ‘येणार नाहीत’ आणि ‘येणार आहेत’चा नकारही ‘येणार नाहीत’. त्यामुळे “तरुण मतदार बाहेर पडणार नाहीत” असे अंदाजाने लिहिले तरी वाचकाला ते निर्णयासारखे ऐकू येते. कोणाचा बहिष्कार आहे की काय, असा अर्थही निघतो. एखाद्या गावाने रस्त्यासाठी किंवा पाण्यासाठी खरोखर मतदानावर बहिष्कार जाहीर केला असेल, तेव्हा “ग्रामस्थ मतदान करणार नाहीत, असे पंचांनी जाहीर केले” हे बरोबर. अंदाज असेल तेव्हा “तरुण मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडतील असे दिसत नाही” असे फिरवून लिहावे लागते. वाक्य लांबते, पण दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या राहतात.

‘असेल’ हा आणखी एक फसवा शब्द. तो दिसतो भविष्यकाळी, पण बहुतेक वेळा आत्ताचा किंवा झालेल्या गोष्टीचा अंदाज सांगतो. “मतदारांनी मनाशी ठरवले असेल” यात पुढचे काहीच नाही. ठरवणे होऊन गेले आहे, आपल्याला ते माहीत नाही, इतकेच. “दुपारी केंद्रांवर रांगा लागल्या असतील” हे वाक्य मतदानाच्या संध्याकाळी आलेल्या बातमीत मी चालू देत नाही. रांगा लागल्या होत्या का, हे एका फोनवर कळते. ज्या गोष्टीचे उत्तर आज उपलब्ध आहे तिथे अंदाजाचे रूप वापरणे म्हणजे काम अर्धवट सोडणे.

‘मतदान करणारे’ हे रूपही तपासून वापरा. ‘करणारे’ला काळ नसतो. “प्रथमच मतदान करणारे तरुण” म्हणजे उद्या करणार असलेले, की सकाळी करून आलेले? मतदानाच्या आधी “प्रथमच मतदान करणार असलेले तरुण” किंवा सरळ “नवमतदार” म्हणा; नंतर “प्रथमच मतदान केलेले तरुण” म्हणा. आकडा जोडायचा असेल तेव्हा हे फार महत्त्वाचे, कारण आयोग देतो तो आकडा यादीत नाव असलेल्यांचा असतो. “मतदारसंघात अमुक हजार नवमतदार मतदान करतील” असे लिहिले की नोंदणीच्या आकड्याचे मतदानाचे भाकीत झाले. त्यातले किती खरोखर केंद्रावर जातील हे कोणालाच माहीत नसते. “अमुक हजार नवमतदारांना मतदान करता येईल” किंवा “मतदानास पात्र आहेत” हे खरे आहे.

इथून कन्नड प्रेसनोटकडे वळतो, कारण सीमाभागातल्या मराठी बातमीचा निम्मा गोंधळ तिथून येतो. जिल्हा प्रशासनाची माहिती कन्नडमधून येते आणि ती घाईने मराठीत करायची असते. कन्नडमध्ये ‘मतदान नडेयलिदे’ असे असेल तर काम सोपे आहे. त्यातला ‘लिदे’ आपल्या ‘णार आहे’च्या अगदी जवळचा आहे. “मतदान होणार आहे” लिहा आणि पुढे चला. अडचण ‘नडेयुत्तदे’, ‘माडुत्तारे’ या रूपांची. कन्नडमध्ये ती वर्तमानालाही चालतात आणि भविष्यालाही. म्हणून ‘नाळे मतदाररु मत चलायिसुत्तारे’ याचे घाईत “उद्या मतदार मतदान करतात” असे मराठी होते. बोलताना आपल्याकडे “उद्या येतो”, “परवा जातो” सर्रास चालते, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या कानाला ते खटकतही नाही. पण अधिकृत माहितीच्या बातमीत ‘करतात’ म्हटले की ती नेहमीची रीत वाटते: दरवेळी करतात, रिवाज आहे. तिथे ‘करतील’ हवे. त्यातही मतदारांऐवजी अधिकारी कर्ता असेल, उदाहरणार्थ कर्मचारी आदल्या दिवशी यंत्रे घेऊन केंद्रांवर जाणार असतील, तर ‘रवाना होणार आहेत’ हवे, कारण ते त्यांचे नेमून दिलेले काम आहे.

दुसरी मोठी अडचण ‘बहुदु’ या प्रत्ययाची. कन्नडमध्ये त्यात परवानगीही असते आणि शक्यताही. ‘आधार कार्ड तोरिसि मत चलायिसबहुदु’ यात परवानगी आहे. मराठीत “आधार कार्ड दाखवून मतदान करता येईल”. ‘मळे बरबहुदु’ यात शक्यता आहे: “पाऊस येण्याची शक्यता आहे”. पहिल्या वाक्याचे “आधार कार्ड दाखवून मतदान करण्याची शक्यता आहे” असे भाषांतर झाले तर ज्याच्याकडे मतदार ओळखपत्र नाही तो माणूस घरीच बसेल. मतदार ओळखपत्र नसले तरी यादीत नाव असेल तर आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मनरेगा जॉबकार्ड अशा ठरवून दिलेल्या कागदांवर मतदान करता येते, आणि ही माहिती त्याच्यापर्यंत नेमकी पोचणे हे आपले काम आहे. उलट बाजूने, “करू शकतात” हे मराठी रूपही दुटप्पी आहे. “नाराज गट बंडखोरी करू शकतो” यात शक्यता, “८५ वर्षांवरील मतदार घरून मतदान करू शकतात” यात हक्क. हक्क सांगताना मी ‘करता येईल’ वापरतो आणि शक्यता सांगताना ‘शक्यता आहे’. ‘शकतो’ दोन्हीकडे ठेवला की वाचकाला दोन्हीकडे थांबून विचार करावा लागतो.

जर-तरची वाक्ये. मराठीत अट भूतकाळी रूपाने येते आणि परिणाम भविष्यकाळी: “वळीव पडला तर दुपारनंतर मतदान मंदावेल.” मे महिन्यात निवडणूक असली की हे वाक्य दरवेळी लागते. ‘जर वळीव पडेल तर’ हे हिंदीतून आलेले वळण टाळा. “नाव यादीत नसेल तर” ही रचना मात्र मराठीच आहे, कारण तिथला ‘नसेल’ पुढचे सांगत नाही, अट सांगतो.

निकालानंतर जर-तरचे दुसरे रूप येते: “एकच उमेदवार दिला असता तर समिती जिंकली असती.” आपल्या भागात हे वाक्य प्रत्येक निकालानंतर लिहिले जाते आणि त्यामागे खरे दुःख असते. २०१३ च्या विधानसभेत बेळगाव दक्षिण आणि खानापूर मिळून समितीचे दोन आमदार निवडून आले होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. त्यामुळे लोक बेरीज मांडतात. पण ‘जिंकली असती’ म्हणताना आपण धरून चालतो की एका उमेदवाराची सगळी मते दुसऱ्याला जशीच्या तशी मिळाली असती. मते अशी हलत नाहीत. एकाला मत देणारा दुसरा उभा असता तर घरीही बसू शकला असता. म्हणून “दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा जास्त आहे, मते एकत्र आली असती तर निकाल वेगळा लागू शकला असता” असे लिहावे. बेरीज वस्तुस्थिती आहे, ती आधी द्या. बाकीचे शक्यतेत ठेवा.

उमेदवारांच्या आश्वासनांबद्दल. “रिंगरोडच्या बाधित शेतकऱ्यांना न्याय देणार” असे उमेदवार म्हणतो, तेव्हा ‘देणार’ हे त्याचे. बातमीत ते त्याच्या नावाने, अवतरणात किंवा “असे आश्वासन त्यांनी दिले” या शेपटीसह यायला हवे. शेपटी गाळली की आश्वासनाची योजना होते. आचारसंहिता लागल्यावर हे आणखी गंभीर होते. निवडणूक जाहीर झाल्यापासून मंत्र्यांना रस्ते, पिण्याचे पाणी अशा कामांची आश्वासने देता येत नाहीत, असे आदर्श आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. त्या काळात “तालुक्यात लवकरच रस्ता होणार आहे” असे बिननावाचे वाक्य छापले, तर मंत्र्याला जे बोलायला बंदी आहे ते आपण त्याच्या वतीने बोललो.

सीमाप्रश्नाबाबत मी विशेष काळजी घेतो. हा भाग मिळावा म्हणून महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा उल्लेख प्रत्येक निवडणुकीत होतो. “बेळगाव महाराष्ट्रात जाणार” आणि “बेळगाव कर्नाटकातच राहणार” ही दोन्ही वाक्ये नेत्यांची आहेत, ती त्यांच्या नावाने द्यावीत. या भागातल्या मराठी माणसाची स्वतःची घोषणा पाहा: “बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.” तिच्यात भाकीत नाही, मागणी आहे. मागणीची बातमी मागणी म्हणून द्या. तिचा ‘होणार’ केला तर आपण लोकांच्या मागणीला आपला अंदाज चिकटवतो, आणि तो अंदाज चुकला की लोकांची मागणीही खोटी वाटू लागते.

सीमेवरचे आणखी एक वाक्य सांभाळायचे. २०२४ च्या लोकसभेला बेळगाव, चिक्कोडी, उत्तर कन्नड या आपल्या मतदारसंघांत आणि पलीकडे कोल्हापूर, हातकणंगले, सांगली इथेही ७ मेलाच मतदान होते. (खानापूर आणि कित्तूर जिल्ह्याने बेळगावात, पण लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये येतात. बाहेरच्या बातमीदारांची इथे हमखास चूक होते.) अशा वेळी “दोन्ही राज्यांच्या याद्यांत नावे असलेले मतदार दोन्हीकडे मतदान करतील” असे सहज लिहून जाते. एका व्यक्तीची नोंद दोन मतदारसंघांत असणे कायद्याला मान्य नाही, आणि दोनदा मतदान तर नाहीच. ‘करतील’ म्हणणे म्हणजे गावच्या गावाने गुन्हा करायचे ठरवले आहे असे छापणे. दुबार नावांची तक्रार कोणी केली असेल तर तक्रारदार कोण, कोणाकडे केली, अधिकारी काय म्हणाले, हे लिहा.

मतदान झाले, मतमोजणी व्हायची आहे, या मधल्या दिवसांत भविष्यकाळ सर्वांत जास्त चुकतो. “मतदार कोणाला कौल देतील, याची उत्सुकता आहे” हे वाक्य मतदानानंतरच्या अंकात दिसले की ते खोडावे. कौल देऊन झाला आहे, तो यंत्रात बंद आहे. “कौल कोणाला मिळाला, हे १३ मेला कळेल.” देणे भूतकाळात, कळणे भविष्यात. २०२४ मध्ये आपल्याकडे ७ मेला मतदान होऊन मतमोजणीला ४ जून उजाडला. त्या चार आठवड्यांत ‘निवडून येणार’ लिहिण्याचा मोह मोठा होता आणि कायद्याचा अडसरही होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ अ कलमाप्रमाणे पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्या वेळी शेवटचा टप्पा १ जूनला होता. म्हणजे आपल्या जिल्ह्यातले मतदान कधीच संपलेले असले तरी “केंद्राबाहेर विचारलेल्या मतदारांच्या उत्तरांवरून अमुक पुढे राहील” हे १ जूनच्या संध्याकाळपर्यंत छापता येत नव्हते. ज्योतिषी किंवा विश्लेषक यांच्या तोंडून निकाल वर्तवणेही या काळात नको, असे आयोगाने २०१७ मध्ये माध्यमांना बजावले आहे.

पेड न्यूजचा संशयही याच रूपांवरून येतो. अमुक उमेदवाराला सर्व समाजघटकांचा पाठिंबा असून तो विजयी होणार, अशा आशयाची छोटी बातमी हे आयोगाच्या मार्गदर्शनात पेड न्यूजचे एक उदाहरण म्हणूनच दिलेले आहे. तुमचा हेतू निर्मळ असेल, पैसे कोणी दिले नसतील, तरी जिल्ह्याच्या माध्यम संनियंत्रण समितीच्या टेबलावर कात्रण गेले तर ते वाक्य त्या साच्यात बसते. म्हणून ‘सर्व थरांतून पाठिंबा’ आणि ‘विजय निश्चित’ ही जोडी माझ्या हातून पुढे जात नाही, मजकूर कोणत्याही पक्षाचा असो.

लोकांचे बोलणे उद्धृत करताना मात्र वरची सगळी शिस्त बाजूला ठेवा. आपल्याकडे माणूस “सकाळी सातला जातो आणि मत घालून येतो” असे म्हणतो. खेड्यातली बाईही “मी जातो की” म्हणते. त्याचे ‘सकाळी मतदान करणार असल्याचे त्यांनी सांगितले’ करू नका, आणि अवतरणातला ‘जातो’ सुधारून ‘जाईन’ही करू नका. अवतरणाच्या आत त्याचा काळ, बाहेर तुमचा. “बघूया की” हे उत्तरही तसेच. शेंगा फोडत बसलेला म्हातारा “बघूया की” म्हणाला, तर त्याने काही सांगायचे नाही असे ठरवले आहे. ‘मतदार संभ्रमात आहेत’ असा त्याचा अर्थ काढू नका. त्याचे मत ठरलेलेही असेल, पण ते सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

‘करील’ की ‘करेल’, असेही बरेच जण विचारतात. जुन्या व्याकरणाप्रमाणे सकर्मक क्रियापदाला ‘ई’, अकर्मकाला ‘ए’: तो काम करील, तो बसेल. आज ‘करेल’ सर्वत्र रूढ आहे आणि मी ते चूक धरत नाही. एका बातमीत दोन्ही नकोत, एवढेच पाहा.

राहिली नोंदणीची बातमी, ती वर्षभर चालते. २०२२ पासून वयाची पात्रता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना धरली जाते. त्यामुळे “१८ वर्षे पूर्ण झालेल्यांनी अर्ज करावा” हे वाक्य आता अपुरे आहे. पुढच्या पात्रता तारखेला १८ पूर्ण होणार असलेल्यांनाही, १७ वर्षे पूर्ण झाली असतील तर, आधीच नमुना ६ (नावनोंदणीचा अर्ज) भरता येतो. बातमी अशी लिहा: “१ एप्रिलला १८ वर्षे पूर्ण होणार असलेल्या तरुणांनाही आताच अर्ज करता येईल, त्यांचे नाव वय पूर्ण झाल्यावर यादीत येईल.” इथे ‘होणार असलेल्या’ हवेच. वाढदिवस ठरलेला असतो, त्यात कोणाचा अंदाज नाही. ते गाळून ‘झालेल्या’ लिहिले, तर मार्चमध्ये बातमी वाचणारी कॉलेजची मुलगी आपला नंबर अजून आला नाही असे समजेल आणि अर्ज करायचा राहून जाईल.